पांढऱ्या पिशवीतले ठिपके

वैशाली,

तुझ्या दहाव्याला प्रवरेच्या काठी उभं राहायला जागा नव्हती. तुझ्या संशोधन केंद्रातली माणसं दोन गाड्या भरून आली होती. श्रीगोंद्याहून तुझ्या माहेरचे आले होते. आपल्या गावातली तर अशीही माणसं आली, की ज्यांनी कधी आपल्या दारात पाय ठेवला नव्हता. मी बायकांच्या मागे उभी होते. घरून निघतानाच मी एक ठरवलं होतं. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागेल. नवरा म्हणून भाऊजी काहीतरी कबूल करतील, तुझे वडील कबूल करतील, तरी कावळा झाडावरच बसून राहील. तेव्हा मी हळूच पुढे होईन, हात जोडीन आणि मनातल्या मनात तुला ती गोष्ट सांगेन. मग तो शिवेल. मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही, हे तुला माहीत आहे.

भाऊजी पिंड ठेवून चार पावलं मागे आले आणि कावळा लगेच उतरला. पाठोपाठ आणखी दोन आले.

आत्याबाई रडता रडता म्हणाल्या, "काई म्हन्ता काई राह्यलं न्हाई माझ्या लेकराचं. समदं मिटवून गेली."

सगळ्यांना बरं वाटलं. मला तुझा राग आला. तिथेही तू मला बोलायची वेळ येऊ दिली नाहीस. आणि आता लिहितेच आहे तर तेही लिहिते, त्या वेळी मी माणसं मोजत होते. माझ्या दहाव्याला यातली निम्मी तरी येतील का, असं माझ्या मनात येत होतं. तू राख झालीस तरी माझा हेवा काही राख झाला नाही.

ही वही तूच दिलेली. कांद्याच्या कोणत्या डोंगळ्याला कोणत्या दिवशी कोणता दोरा बांधला, ते मी यात लिहायचे. मागची बरीच पानं कोरी राहिली होती.

तू या घरात धाकटी सून म्हणून आलीस तेव्हा मला इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत आत्याबाईंनी या थोरल्या सुनेला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "अगं" म्हटलं की मी समजायचे. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात "आमची वैशाली, आमची वैशाली" सुरू झालं. तू एमएस्सी झालेली, स्कूटीवर केंद्रात जाणारी, तुझे वडील मास्तर. मी चौथीत शाळा सोडलेली. हातात पुस्तक घेतलं की अजूनही ओठ हलतात माझे. तू घराबाहेर पडलीस की ओट्यावरची माणसं बोलायची थांबायची. मी पडले तर त्यांना कळायचंही नाही.

तू वाईट असतीस तर बरं झालं असतं. पण तू संध्याकाळी आल्यावर हात धुऊन माझ्याशेजारी मेथी निवडायला बसायचीस आणि मला तुझ्या लॅबचं सांगायचीस. घरात दुसऱ्या कुणाला ते ऐकायला वेळ नव्हता. माझ्या राणीचा अभ्यासही तूच घ्यायचीस. काही अडलं की ती "काकू" म्हणून ओरडायची. आई समोर बसलेली असायची.

एकदा मी विचारलं होतं, "तू दिवसभर त्या भिंगातून बघती तरी काय?"

"कांद्याचं मूळ."

"ते तर आमी बी बघतो. उपटला की दिसतंय."

तू किती हसलीस. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून मला सांगत बसलीस. मुळाच्या टोकाला बारीक बारीक पेशी असतात. कांद्याच्या एकेका पेशीत सोळा गुणसूत्रं. दोरीचे सोळा तुकडे समजा, म्हणालीस. कांदा लाल व्हायचा की पांढरा, तिखट की गोड, हे सगळं त्या दोऱ्यांवर ठरलेल्या जागी असतं. तुला त्यातली एकच जागा शोधायची होती. दुसऱ्या जातीचा एक पातीचा कांदा होता, त्याला करपा रोग होत नव्हता. त्याचा तो गुण आपल्या कांद्यात आणायचा होता, आणि आला की नाही, कुठल्या दोरीवर येऊन बसला, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

"एवढ्या बारीक ठिकानी हुडकायचं कसं?"

"दोरी दोन पेडांची असते ना ताई. आधी गरम करून पेड सुटे करायचे. मग त्या जागेला बरोब्बर जुळेल असा एक छोटा पेड आम्ही बनवलेला असतो. त्याला चमकणारा रंग लावलेला असतो. त्याला प्रोब म्हणतात. तो पेशीवर सोडायचा. तो आपली जागा शोधतो आणि जाऊन चिकटतो."

"आन दुसरीकडंच चिकटला तर?"

"म्हणून तर धुवायचं. कोमट पाण्यात, मीठ मोजून घातलेल्या. उगाच कुठेतरी चिकटलेला असतो तो निघून जातो. जोडी जमलेली असेल तो राहतो."

"लई जोरात धुतलं तर तो बी जाईल की."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "ताई, हे समजायला मला वर्ष लागलं होतं."

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की पोळ्या करपल्या. आणि मग त्याच रात्रीच्या जेवणात आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वैशालीकडं बघ. दिवसभर नोकरी करून आली तरी तोंडावर हसू. न्हाईतर तू." करपलेली पोळी ताटात होती. तुझ्यामुळे करपली, हे कुणाला सांगणार?

पुढच्या कार्तिकात केंद्रात कामाला बायका मिळेनात, म्हणून तू तुझ्या सरांना पटवलंस आणि विहिरीमागचा आपला एक वाफा घेतलास. कांदे लावले, त्यांना डोंगळ्यांचे उंच दांडे आले, दांड्यांवर पांढरे गोंडे आले. गोंड्यातली फुलं तांदळापेक्षा थोडीच मोठी. त्यातले केसर उमलायच्या आधी चिमट्याने काढायचे, आणि कुंडीतल्या त्या दुसऱ्या कांद्याचे पराग बारीक कुंचल्याने त्याच्यावर लावायचे. तू दोन दिवस केलंस. तुझ्याकडून फुलंच तुटत होती. तिसऱ्या दिवशी चिमटा माझ्या हातात दिलास. त्यानंतर तो वाफा माझाच झाला. पराग लावलेल्या डोंगळ्याला लाल दोरा. पराग न लावता नुसतंच फडकं बांधून ठेवलेल्याला पांढरा. गाठ मी सैल ठेवायचे, आत बोट जाईल एवढी, कारण डोंगळा पुढे फुगतो आणि दोरा काचला तर तो मोडतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तू माझी गाठ बघून म्हणाली होतीस, "हे पुस्तकात नाही बघा कुठे."

मला वाटतं, त्या दोन महिन्यांत मी तुझा हेवा करायला विसरले होते.

मग सर आले. सोबत बाहेरगावचे दोन पाहुणे होते. तू त्यांना घेऊन वाफ्यावर गेलीस. मी चहाचा ट्रे घेऊन मागून आले. सर वाकून गोंडे बघत होते. म्हणाले, "काय सुरेख काम केलंय. एक फूल मोडलेलं नाही. वैशाली, हात आहे हं तुझ्याकडे." तू काहीतरी बोललीस. माझ्याकडे हात केलास. पण इंग्रजीत बोललीस. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि ट्रेमधले कप उचलले. त्यांना वाटलं, तू चहा घ्या म्हणालीस.

आता मला कळतं की तू माझंच नाव सांगितलं असशील. तेव्हाही कळलं होतं. पण ते गेल्यावर आत्याबाई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होत्या, "धाकटीच्या हातालाच गुन हाय. मोठी काय, सांगितलेलं करती." आणि तू आत खोलीत फोनवर तुझ्या वडिलांना सगळं सांगत होतीस, हसत होतीस.

दिवस कलला होता. मी वाफ्यावर गेले. सात लाल दोरे सोडले, सात पांढरे सोडले आणि अदलाबदल करून बांधले. लाल होते तिथे पांढरे, पांढरे होते तिथे लाल. कुणी मागून आलं नाही. फार वेळही लागला नाही. हात धुऊन मी गाईची धार काढायला गेले. मला काय हवं होतं? तुझं नुकसान व्हावं असं मनात नव्हतं, असं लिहावंसं वाटतं. पण होतं. त्या संध्याकाळी होतं.

बी पिकलं तेव्हा मी माहेरी होते, भावाच्या मुलाच्या लग्नाला. गोंडे तूच कापलेस. दोन कापडी पिशव्यांत भरलेस, एकीला लाल नाडी, एकीला पांढरी.

आणि मग आखाडात एक दिवस तू म्हणालीस, "ताई, चला आज माझ्याबरोबर. तुमच्या हाताचं काम तुम्ही बघितलंच नाही." स्कूटीवर मागे बसून मी केंद्रात आले. पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या, तर तू म्हणालीस, "इथे घालूनच यायचं असतं." तेवढ्यानेही मला रडू येत होतं.

ती खोली तू दार लावून अंधारी केलीस. मशीनचा पंखा घरघरत होता. म्हणालीस, "या, इथे डोळे लावा. हलू नका."

आधी काहीच दिसलं नाही. मग तू काहीतरी फिरवलंस आणि दिसलं. काळ्या अंधारात निळे तुकडे, शेवया मोडून टाकाव्यात तसे. मी मोजले, सोळा होते. आणि त्यातल्या एकाच तुकड्याच्या टोकाला दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी, मोहरीपेक्षा बारीक. एवढ्या निळ्यात फक्त ते दोनच. ते लाल काही साधं नव्हतं. आतून दिवा लावल्यासारखं होतं. आयुष्यात मी त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही वैशाली. तू रोज हे बघतेस आणि घरी येऊन मेथी निवडतेस, हे मनात आलं आणि पुन्हा हेवा वाटला.

तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालीस, "हे पांढऱ्या पिशवीतलं बी आहे ताई. यात ठिपके दिसायला नको होते."

पुढे काही बोलली नाहीस. पंखा चालू होता. अंधारात तुझं तोंड दिसत नव्हतं, माझंही नसेल दिसत. मी डोळे भिंगावरून काढले नाहीत. शेवटी मी म्हणाले, "छान दिसतंय."

एवढंच म्हणाले.

तू दार उघडलंस. बाहेर सर उभे होते. तू त्यांना सांगितलंस की लाल पिशवीतलं थोडं बी कोरं निघतंय आणि पांढऱ्यातल्या थोड्यात खूण दिसतेय. ते चिडले. "म्हणजे दोन्ही पिशव्या बाद. वर्ष गेलं वैशाली. कुणाची चूक ही?"

मी तिथेच होते, पदर बोटाला गुंडाळत.

तू म्हणालीस, "माझी, सर. बी भरताना घोटाळा झाला."

तुझी पीएचडी वर्षभर लांबली. घरी भाऊजींनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "अहो, उंदराने लेबलं खाल्ली." आत्याबाईंनी ते मनावर घेतलं. घोडेगावच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडून मांजर मागवली. पुढे कितीतरी वर्षं घरात काही हरवलं, काही बिघडलं की कुणीतरी म्हणायचं, "वैशालीच्या उंदरानं खाल्लं असंल." सगळे हसायचे. तूही हसायचीस. तेव्हा तू माझ्याकडे बघायचीस की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत असायचे.

तुला माहीत आहे की नाही, हे मला कधी कळू शकलं नाही. कधी वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे. कधी वाटायचं, ठाऊक असतं तर पुढच्या कार्तिकात दोऱ्यांची दोन्ही रिळं माझ्या हातात देऊन ही निश्चिंत कशी राहिली असती? त्या वर्षी तू वाफ्यावर एकदाही बघायला आली नाहीस. मी एकेक दोरा देवाला वाहावा तसा बांधला. ते बी बरोबर निघालं आणि तुझं काम पुढे गेलं. आणि माहीत असूनही तू गप्प असशील, तर तोही मला तुझा मोठेपणाच वाटायचा, आणि त्याचाही राग यायचा. तू एकदा माझ्यावर ओरडली असतीस तर आपण बरोबरीच्या झालो असतो. जावा जावा भांडतात, चार दिवस तोंडं फिरवतात, मग हळदीकुंकवाला पुन्हा एकत्र येतात. तू मला तेवढंही दिलं नाहीस.

भांडलो ते एकदाच, गेल्या दिवाळीत. तुझ्या कामाचा मोठा फलक केंद्रात लागणार होता आणि तुला त्यावर माझं नाव घालायचं होतं. मी नको म्हणाले.

"का पण?"

"चौथी शिकलेल्या बाईचं नाव कशाला? लोक हसतील."

"लोकांचं मी बघते."

"नको म्हन्लं ना."

तू हातातली करंजी ताटात आपटलीस. "ताई, तुम्हाला हवंही असतं आणि दिलं की हात मागे घेता. मग मी दिलं नाही म्हणून आतल्या आत कुढता. मी काय करू सांगा ना!"

मला हवं होतं ग. रात्रंदिवस हवं होतं. पण फलकावर माझं नाव लागलं तर त्या सात दोऱ्यांचंही लागायला हवं, हे तुला कसं सांगू? मी उठून न्हाणीत गेले आणि भांडी घासत बसले. त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. मग ताप आला तुला, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यात मी पायथ्याशी बसायचे. तू एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, कांदे लावले का?" मी म्हणाले, "लावले." ते शेवटचं.

आज सकाळी भाऊजी केंद्रातून तुझं सामान घेऊन आले. एक खोकं होतं. डबा, चष्मा, स्वेटर, दोन वह्या. आणि तळाशी त्या दोन कापडी पिशव्या, लाल नाडीची आणि पांढऱ्या नाडीची. सर म्हणाले होते ना दोन्ही बाद, मग तू टाकल्या का नाहीस? कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवायचं बंद होतं, हे तुला माझ्याहून जास्त माहीत होतं. भाऊजींनी पांढरी पिशवी ओट्यावर पालथी केली. काळं बी सांडलं आणि त्यात एक कागदाची पुडी निघाली. पुडीत दोरे होते. सात लाल, सात पांढरे. कात्रीने कापलेले, पण प्रत्येकाची गाठ जशीच्या तशी.

मी बघितलं आणि मला कळलं. गाठी आवळलेल्या होत्या. बोट काय, सुई गेली नसती. संतापात बांधताना मला माझी रीत आठवली नव्हती. बाकीच्या सगळ्या सैल गाठींत या चौदाच घट्ट. गोंडे पिशव्यांत मिसळल्यावर तू कापलेले दोरे गोळा केलेस, तेव्हाच तुझ्या हाताला लागल्या असतील. डोंगळ्यांवर काच पडला असेल. म्हणजे लॅबच्या आधीच तुला ठाऊक होतं. तरी तू बी रुजवून मूळ घेतलंस, स्लाईड केलीस, खात्री केलीस, आणि मग मला स्कूटीवर बसवून त्या अंधाऱ्या खोलीत नेलंस. तुला उत्तर नको होतं, ते तुझ्याकडे होतंच. तू मला बोलायला अंधार करून दिला होतास. माझ्यासारखीला उजेडात बोलता येत नाही, एवढंही तू ओळखलं होतंस. आणि मी म्हणाले, छान दिसतंय.

भाऊजी दोरे हातात घेऊन बघत होते. "वहिनी, हे कसले दोरे ओ? हिनं जपून कशाला ठेवले?"

आत्याबाई तिथेच होत्या. राणी होती. आमचे हे पेपर वाचत बसले होते. उजेड लख्ख होता.

मी म्हणाले, "भाऊजी, त्या वर्षी उंदीर न्हवता. मी हुते."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग मी सगळं सांगितलं, खाली न बघता. सरांचा चहा, दोरे, ती खोली, सगळं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. राणी माझ्याकडे अशी बघत होती, जशी आजवर फक्त तुझ्याकडे बघायची.

मग आत्याबाई म्हणाल्या, "आन मी येडी मांजर आनून बसले." आणि हसल्या, आणि हसता हसता मोठ्याने रडायला लागल्या. त्यांनी माझा हात धरला. "शालन," म्हणाल्या. माझ्या नावाने.

भाऊजी दोऱ्यांकडेच बघत होते. हळू म्हणाले, "मला बी कधी बोलली न्हाई ती. एका शब्दानं न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं वैशाली. तुझं सगळं सगळ्यांचं होतं. हसणं आत्याबाईंचं, शिकवणं राणीचं, हुशारी सरांची, आणि दहाव्याला ती एवढी माणसं. पण ही एक गोष्ट तू तुझ्या नवऱ्यालाही दिली नव्हतीस. इतकी वर्षं ती फक्त माझी आणि तुझी होती. माझ्या वाट्याला तुझं असं काहीतरी होतं आणि मला ते माहीतच नव्हतं.

कळलं, तेव्हा मी ते नुकतंच सगळ्यांना वाटून टाकलं होतं.